लांब गाडीतला कानसेन

इस्टेट म्हटलं की चारचौघांच्या डोळ्यांपुढे जमीनजुमला आणि भावाभावांतली भांडणं उभी राहतात. कानसेनच्या गॅरेजात मात्र इस्टेट म्हणजे लांब गाडी. जिचं छप्पर थेट मागच्या दारापर्यंत सरळ जातं, मागची सीट पाडली की जिच्यात कपाट आडवं मावतं आणि जिच्याकडे रस्त्यावर कुणी ढुंकूनही बघत नाही, ती. त्यातही सगळ्याच लांब गाड्यांशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याचा जीव होता तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या मोजक्या गाड्यांवर, ज्यांच्या सामान वाहायच्या अंगात कारखान्यातल्या चार डोकेबाज लोकांनी शर्यतीच्या गाडीचं इंजिन बसवून दिलं होतं. का दिलं, देव जाणे. बहुधा त्यांनाही बायकामुलं होती, कुत्री होती, आठवड्याचं सामान आणायचं होतं आणि तरीही उजव्या पायातली खाज जात नव्हती.

अशी गाडी दिसायला अगदी नाकासमोर चालणारी. सकाळी पोरांना शाळेत सोडा, दुपारी मावशीचं कपाट आणा, संध्याकाळी भिजलेला कुत्रा मागे टाका, हूं की चूं करणार नाही. आणि मधेच मोकळा रस्ता मिळाला की शेजारून मिरवत निघालेल्या एखाद्या चकचकीत दोनदारी गाडीला असं पाणी पाजेल की आतल्या शौकिनाला आपली गाडी बंद पडली की काय असं वाटावं. कानसेनला हेच आवडायचं. ताकद आहे पण टिमकी वाजवत नाही, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना स्वतः मात्र टिमकी वाजवायचा.

आता ह्या गाड्यांना सोन्याचे दिवस आले आहेत, त्याचंही कारण आहे. दोनदारी गाड्या लोकांनी मखमलीत जपल्या. लांब गाड्यांना कुणी जपलं नाही, कारण त्या कामाच्या होत्या. त्यांनी फरश्या वाहिल्या, सिमेंट वाहिलं, पाच जणांचं कुटुंब आणि त्यांचा तंबू वाहिला, आणि खिळखिळ्या झाल्यावर त्या भंगारात गेल्या. उरल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्यांचं लहानपण त्यांच्या मागच्या उलट्या सीटवर बसून, दूर पळणारा रस्ता बघत गेलं, ती मुलं आता टक्कल पडलेली माणसं झाली आहेत आणि नेमकी तीच गाडी शोधत फिरताहेत. शोधली की गाडी सापडते. पुढच्या सीटवरचे आईवडील काही सापडत नाहीत. कानसेनकडे अशी माणसं यायची, मागचं दार उघडायची, आत डोकं घालून वास घ्यायची आणि बराच वेळ डोकं बाहेर काढायची नाहीत. तेवढा वेळ कानसेन उगाचच हात पुसत उभा राहायचा.

लांब गाडीचं एक दुखणं असतं. तिचा मागचा भाग म्हणजे रिकामा पत्र्याचा डबा. इंजिनाचा, गिअरबॉक्सचा, चाकांचा, सगळा आवाज तिथे येऊन घुमतो. बाकीचे मेकॅनिक त्यावर नाक मुरडतात, कुठला आवाज कुठून येतो तेच कळत नाही म्हणतात. कानसेनने त्या दुखण्याचंच शास्त्र केलं होतं. मागची सीट पाडायची, गालिचा काढायचा, उघड्या पत्र्यावर पातळ सतरंजी टाकायची आणि मागच्या दाराकडे डोकं करून आडवं व्हायचं. कान पत्र्याला, डोळे मिटलेले, हातात एक छोटा पाना. गाडी दुसऱ्याने चालवायची. पान्याची एक टकटक झाली की सावकाश, दोन झाल्या की वेगात, तीन झाल्या की मागे जाऊन तेच वळण पुन्हा घ्यायचं. तासाभराने खाली उतरून तो सांगायचा की डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग चाललंय, अजून पावसाळाभर काढेल. आणि ते पावसाळाभर काढायचं. शेजारच्या रंगाऱ्याने त्याला कानसेन हे नाव ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलंच. ‘कानसेनने ऐकलेली गाडी’ म्हटलं की घेणाऱ्याच्या जिवात जीव यायचा.

गाडी चालवायची त्याची बायको. लग्नाआधी ती फिरत्या वाचनालयाची भलीमोठी गाडी चालवत असे. खेडोपाडी पुस्तकांची कपाटं घेऊन हिंडायची, एकही पुस्तक फळीवरून खाली पडू न देता. तिचा गिअर पडलेला कळत नसे. असा हात लाखात एखाद्याचा असतो, असं कानसेन गिऱ्हाइकांना सांगायचा. तिला स्वतःला कधी सांगितलं होतं की नाही, ते त्याला पुढे कितीही आठवून आठवलं नाही.

तर ही बाई मूळची बोलघेवडी. वाचनालयाच्या गाडीत पुस्तकं घ्यायला आलेल्या प्रत्येकाची सात पिढ्यांची माहिती काढणारी. पण लांब गाडीत बसली की नियम एकच: गप्प. बोललं की आवाज हरवतो, आणि हरवलेला आवाज पकडायला पुन्हा घाट चढावा लागतो. लेक लहान असताना तिलाही पुढच्या सीटवर बसवून नेत, आणि तिलाही तोच नियम. तिघंजण तासन् तास फिरायची आणि अवाक्षर निघायचं नाही. मधे कधी बायकोने तोंड उघडलंच तर मागून पत्र्यावरून येई, “गप्प. ऐकू दे.” ती म्हणे, “बरं बरं, काही नाही.” सत्तावीस वर्षं हे असं चाललं आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. ज्याच्या त्याच्या धंद्याची रीत असते. दात काढणाऱ्याशीही कुणी गप्पा मारत नाही.

त्यांची स्वतःची गाडी गडद हिरवी होती. सहा सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर, आणि मागच्या दारावर ताकदीची बढाई मारणारं एकही अक्षर नाही. फरशीवाल्याकडे मरणपंथाला लागलेली ती गाडी कानसेनने आणली, दोन वर्षं खपून उभी केली, आणि मग तिने यांच्या घराचं काय काय वाहिलं त्याला गणती नाही. लेकीचा पाळणा तिच्यातून आला आणि लग्नानंतर लेकीचं सामानही तिच्यातूनच गेलं.

तीन वर्षांपूर्वी याच गाडीत एक आवाज आला.

दोघं घाट चढत होती. काम असं काही नव्हतं. महिन्यातून एकदा स्वतःच्या गाडीलाही ऐकायचं, ही त्याची रीत. तिसऱ्या वळणावर पत्र्यात कुठेतरी टिक् झालं. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा टिक्. कानसेनने कान टवकारले. तीस वर्षांत त्याने न ऐकलेला आवाज होता तो. त्याने तीनदा टकटक केली, तिने गाडी वळवली, वळण पुन्हा घेतलं, आणि टिक् येणार तेवढ्यात पुढून तिचा आवाज आला.

“अहो, ऐका ना, मला...”

“गप्प. ऐकू दे.”

“बरं. काही नाही.”

टिक्. तो इतका हरखला की त्याला काही सुचेना. घरी येईपर्यंत तो बडबडत होता, ती ऐकत होती.

मग सुरू झालं ते चाळीस दिवस चाललं. कानसेनने मागची चाकं उतरवली, बेअरिंगं बदलली, मागचा धुरा उघडला, इंजिनाचा जोर त्या धुऱ्यापर्यंत नेणारा दांडा काढून तपासला, नवे रबर घातले. टिक् कायम. फक्त डाव्या वळणावर, फक्त चढाला. रोज दुपारी तो बायकोला घेऊन घाटात जायचा. जेवताना ताटात बोटाने धुऱ्याचं चित्र काढायचा. गिऱ्हाइकांच्या गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, रंगाऱ्याने हात टेकले, पण हा पठ्ठ्या मागे हटेना. चाळिसाव्या दिवशी त्याने छप्पर पेलणाऱ्या मागच्या खांबाच्या पोकळीत तारेला बांधलेलं लोहचुंबक सोडलं आणि एक वॉशर वर काढला. गाडी बनवणाऱ्या कुठल्या तरी कामगाराच्या हातून तीस वर्षांपूर्वी पडलेला. गंज लागू नये म्हणून पोकळीत मेण ओततात, त्या मेणात तो इतकी वर्षं रुतून बसला होता. मेण सुकलं आणि तो सुटला. गाडीला त्याच्यापासून कणभरही अपाय नव्हता. तो तसाच राहिला असता तरी गाडीचं काही अडलं नसतं.

कानसेनने तो वॉशर तळहातावर घेऊन घरभर मिरवला. बायको म्हणाली, “सापडला ना? बरं झालं.” मग भांडी आवरून ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, “उद्या मला जरा डॉक्टरांकडे सोडाल का?”

डॉक्टरांनी विचारलं, गाठ कधीपासून आहे. ती म्हणाली, आठ-पंधरा दिवस झाले असतील. कानसेन तिच्या शेजारीच उभा होता. पुढचं दीड वर्ष जे झालं ते सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं. आशा, औषधं, पुन्हा आशा. त्या काळात तिला दवाखान्यात नेताना गाडी तो चालवायचा आणि ती बाजूला डोळे मिटून बसायची. मग ती गेली.

ती गेल्यावर महिनाभराने कानसेन पुन्हा कामाला लागला. एक गिऱ्हाईक राखाडी लांब गाडी घेऊन आलं होतं. रंगारी चालवायला बसला, कानसेन मागे आडवा झाला. रंगाऱ्याचा हात जड, प्रत्येक गिअरला गाडी आचके द्यायची, तरी बेअरिंगचा बारीक घरघराट हळूहळू कानात येऊ लागला होता. तो नेमका कुठला ते कळणार एवढ्यात पुढून आवाज आला. “अहो, ऐका ना, मला...”

तिचाच. अगदी स्वच्छ. मान थोडी मागे वळवून बोललेला. कानसेन ताडकन उठला आणि छताला डोकं आपटलं. पुढे रंगारी एकटाच, शीळ घालत चालला होता.

भास म्हणून त्याने ते कानामागे टाकलं. पण पुढच्या खेपेला तेच झालं, त्याच्या पुढच्याही. गाडी कुणाचीही असो, तो आडवा झाला, डोळे मिटले आणि कुठला आवाज हाती लागणार असं झालं की तेवढ्यात ती बोलायची. तेवढंच अर्धं वाक्य. आणि त्याच्या तोंडून काही निघायच्या आत तीच म्हणायची, “बरं. काही नाही.” भीती त्याला आवाजाची नव्हती. सांगायचं तर पहिल्या काही खेपांना तो त्या आवाजासाठीच आडवा व्हायचा. भीती होती ती वाक्याच्या उरलेल्या अर्ध्याची. त्या दिवशी घाटात ती काय सांगत होती? तिला तेव्हाच माहीत होतं का? आठ-पंधरा दिवस, असं ती डॉक्टरांना म्हणाली होती, आणि कानसेन त्या आठ-पंधरा दिवसांना बुडत्या माणसासारखा धरून बसला होता. तिला कदाचित तहान लागली असेल. कदाचित घरी गॅस चालू राहिला असं वाटलं असेल. मला जरा थांबायचंय, मला त्या दुकानातून सुई घ्यायचीय, बायका गाडीत काय काय सांगतात. हे सगळं तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायचा आणि त्यातलं काहीही त्याला पटायचं नाही.

कामावर परिणाम व्हायचा तो झालाच. एकाचा गिअरबॉक्स त्याने विनाकारण उतरवला आणि शेवटी निघालं काय, तर जादा चाकाचा नट सैल होता. दुसऱ्याला गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं आणि ती आठवड्यात रस्त्यात बसली. लोक चांगले, तोंडावर कुणी बोललं नाही. पण ‘कानसेनने ऐकलेली’ असं म्हणणं कमी झालं. मग त्याने आडवं होणंच सोडलं. यंत्रं लावून, दिवे बघून काम करू लागला, बाकीचे करतात तसं. हिरवी गाडी शेडमध्ये कापड टाकून ठेवली होती. तिच्याजवळून जाताना तो पावलं उचलून जायचा.

यंदा सुट्टीत लेक आठ दिवस राहायला आली. ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते, आईसारखी बोलघेवडी नाही, मोजकं बोलणारी. तिने आल्या आल्या बापाचा चेहरा पाहिला, शेडमधलं कापड पाहिलं आणि म्हणाली, विकून टाका. तो नाही म्हणाला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

गाडीची कुणकुण लागताच आधी एक संग्राहक येऊन गेला. त्याच्याकडे काचेची खोली होती, आतली हवा यंत्राने कोरडी ठेवलेली. अशी गाडी जगात किती उरली, पुढच्या दहा वर्षांत तिचं मोल कुठे जाईल, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. ती चालते कशी हे त्याने विचारलं नाही. कानसेनने त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग आली ती गुरांची डॉक्टरीण. चाळिशीची, पायात गमबूट, तिची जुनी व्हॅन नुकतीच कायमची बसली होती. तिने मागचं दार उघडलं आणि वासबीस न घेता विचारलं, “वासरू मावेल का ह्यात?” कानसेन म्हणाला, वासरू मावेल, आणि त्याच्या आईच्या आधी तुम्ही दवाखान्यात पोचाल. ती हसली. घाटापलीकडच्या वाड्यांवर तिला वेळी-अवेळी जावं लागायचं, एकटीला. गाडी सामान वाहणारी हवी आणि अंगात दम असलेली हवी, आणि अशा दोन्ही गोष्टी एका गाडीत मिळतात हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. गाडीची खरी कदर करणारं माणूस म्हणजे हे, असं कानसेनच्या मनात आलं. त्याने कापड काढलं.

पण ऐकल्याशिवाय गाडी गॅरेजच्या बाहेर द्यायची नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नेम. सव्वा वर्ष उभी असलेली गाडी, तीही घाटात एकट्या बाईच्या हाती द्यायची, म्हणजे यंत्रांवर विसंबणं त्याला पटेना. दोन दिवस तो टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने लेकीला विचारलं, चालवशील का. तिने किल्ली घेतली.

मागची सीट पाडली. गालिचा काढला. सतरंजी घातली. कानसेन आडवा झाला आणि त्याने कान पत्र्याला लावला. पत्रा गार होता. पुढे इंजिन सुरू झालं आणि सहा सिलिंडरांची ती एकसंध गुणगुण मणक्यातून वर आली, तसे त्याचे डोळे भरून आले. काय गाडी आहे, असं त्याला वाटलं. सव्वा वर्ष अंधारात उभी राहिली, पण रुसली नाही.

लेकीचा हात चांगला होता. हे त्याला ठाऊकच नव्हतं. गिअर पडलेला कळत नव्हता. तिने पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि डोळे मिटून पडलेल्या कानसेनला गाडी कोण चालवतंय ते कळेनासं झालं. तो हात, ती लय, क्लच सोडण्याआधीचा तो थोडासा उसंत घेतल्यासारखा क्षण. त्याने उठायला हवं होतं. तो उठला नाही. तिसरं वळण आलं.

“अहो, ऐका ना, मला...”

“बोल,” कानसेन म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. सत्तावीस वर्षांत आणि त्यानंतरच्या सगळ्या खेपांत पहिल्यांदाच. आणि श्वास रोखून वाट बघत राहिला. पुढे कुणी बोललं नाही. गाडी मात्र सावकाश झाली, कडेला वळली आणि थांबली.

“बाबा, मला म्हणालात?”

तो उठून बसला. छप्पर ठेंगणं, मान वाकवून बसावं लागतं, तसा बसला. आणि मग त्याने लेकीला सगळं सांगितलं. घाटातलं अर्धं वाक्य, तो गप्प म्हणाला ते, प्रत्येक गाडीत येणारा तो आवाज, गिअरबॉक्स, सैल नट, सगळं. सांगताना तो तिच्या पाठीशी बोलत होता, तिने मागे वळून पाहिलं नाही. शेवटी त्याने विचारलं, “तिला तेव्हा माहीत होतं का गं? तुला काही बोलली होती?”

लेकीने इंजिन बंद केलं. बाहेर दरीतून वारा येत होता, एवढाच काय तो आवाज.

“मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली. “माहीत असून बोलत नाही, असं वाटायचं. मी तुमच्यावर रागावले होते, बाबा. बरीच.”

मग तिने सांगितलं. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला होता. दोन दिवसांपूर्वी काखेत गाठ लागली होती. लेक म्हणाली होती, आत्ताच्या आत्ता बाबांना सांग. “ती म्हणाली, सांगायला गेले होते गं गाडीत. पण त्यांना आवाज लागलाय. आत्ता सांगितलं तर ते ऐकतील, पण त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. एकदा सापडू दे, मग सांगते. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.”

“दोन-चार दिवस,” कानसेन म्हणाला.

“मी रोज फोन करायचे तिला. आणि रोज काय विचारायचे माहितीये? तू कशी आहेस, हे नाही. बाबांना आवाज सापडला का, हे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तिने शपथ घातली होती.” लेक म्हणाली. “आणि खरं सांगू? मला वाटायचं, उद्या सापडेल. तुम्हाला सापडतोच.”

कानसेनने हातातला पाना सतरंजीवर ठेवला. मग विचारलं की चाळीस दिवस आधी गेलो असतो तर काही फरक पडला असता का. लेक म्हणाली, मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही.

“‘नाही’ म्हणाले, का ‘सांगता येत नाही’ म्हणाले?”

“सांगता येत नाही म्हणाले.”

ती त्याच्या भल्यासाठी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती गणिताची बाई, आणि त्याचीच लेक. कानसेन मागच्या दाराने खाली उतरला. गुडघे धरले होते. रस्त्याच्या कडेला उभं राहून तो दरीकडे बघत राहिला, पण बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. आपल्या कानांवर आपण आयुष्यभर पोट भरलं, नाव कमावलं, आणि घरातलं माणूस आपले कान मोकळे व्हायची वाट बघत चाळीस दिवस गाडी चालवत राहिलं. रोज दुपारी. याच वळणांवरून. एकही गिअर न चुकवता. त्याला मोठ्याने रडायचं होतं, पण ते जमलं नाही.

लेक गाडीतच बसून होती. तो चालत पुढे आला आणि तिच्या बाजूच्या सीटवर बसला. त्याने दार लावून घेतलं. तिने गाडी सुरू केली आणि वळवून उताराला घातली. काही अंतर गेल्यावर तिने विचारलं, गाडी ठीक आहे का, डॉक्टरीणबाईंना द्यायची का.

“माहीत नाही,” कानसेन म्हणाला. “मी ऐकलंच नाही.”

एक वळण गेलं. दुसरं गेलं. इंजिन चालू होतं, चाकं चालू होती, आणि तो मागे कान देऊन बसला होता. बायको आता बोलत नव्हती. अर्धंही नाही. त्याला ते असह्य झालं.

“बोल काहीतरी,” तो लेकीला म्हणाला.

“काय बोलू?”

“काहीही. शाळेतलं सांग. तुझ्या घरचं सांग. मी ऐकतोय.”

लेकीने तोंड उघडलं. ओठ हलले. समोर रस्ता होता आणि तिची नजर त्याच्यावरून ढळली नाही. मग तिने मान हलवली.

“मला गाडीत बोलता येत नाही, बाबा,” ती म्हणाली. “कुणाच्याच गाडीत. घरीही ह्यावरून ऐकून घेते मी. गाडीत बसले की आपोआप तोंड मिटतं.”

“बरं,” कानसेन म्हणाला. “काही नाही.”

आणि घाट उतरून सपाटीला लागेपर्यंत तो तिच्याकडे तोंड करून, कान देऊन बसून राहिला. ती बोलली नाही.